झाडाच्या पानावरून हवेचं प्रदूषण ओळखता येतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रस्त्याकडेच्या झाडांची पानं गोळा करून धुतो, वजन करतो, भिंगाखाली बघतो, हे लोकांना कळल्यापासून तेच तेच प्रश्न येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबलीत कारण तिथे खरंच सांगण्यासारखं खूप आहे.

पान प्रदूषण "दाखवतं" म्हणजे नक्की काय करतं?

तीन वेगवेगळ्या गोष्टी करतं आणि लोक त्यांची कायम सरमिसळ करतात. पहिली, पान आजारी पडतं, म्हणजे डाग, करपणं, पिवळं पडणं, वेळेआधी गळणं. दुसरी, पान साठवतं, म्हणजे धूळ, काजळी, जड धातू त्याच्या पृष्ठभागावर आणि मेणाच्या थरात अडकत जातात. तिसरी, पान आतून बदलतं, बाहेरून हिरवंगार दिसेल पण हरितद्रव्य, आम्लता, पाण्याचं प्रमाण, पर्णरंध्रांचा (पानावरच्या श्वासाच्या बारीक छिद्रांचा) आकार आणि संख्या असं काही ना काही सरकलेलं असतं. कुठल्या प्रदूषकासाठी यातली कुठली गोष्ट बघायची हे आधी ठरवायला लागतं, नाहीतर धुळीचा शोध डागांमध्ये घेत बसाल आणि हाताला काही लागणार नाही.

हवेचा सेन्सर असताना पान कशाला हवं?

सेन्सर या तासाला काय चाललंय ते सांगतो, आणि पान उगवल्यापासून आजपर्यंत त्याच्या वाट्याला काय आलं ते सांगतं. मला विचाराल तर सगळा मुद्दा या एका वाक्यात आहे. पान म्हणजे आकडा दाखवणारी स्क्रीन नाही, ती साचत गेलेली वही आहे. शिवाय चांगलं मोजणी केंद्र महाग असतं म्हणून ती शहरात मोजकीच असतात, आणि हवा तर एका चौकापासून मागच्या गल्लीपर्यंत बदलते. झाडं मात्र जवळपास प्रत्येक गल्लीत उभी आहेत, त्यांना वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. पण पानावरून "आज पीएम २.५ (हवेतले अगदी बारीक धूलिकण) इतका आहे" असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, पान तसं बोलतच नाही. पान तुलना सांगतं, ही जागा त्या जागेपेक्षा किती वाईट, एवढं ते फार प्रामाणिकपणे सांगतं.

ही कल्पना कुठून आली?

जुनी आहे. १८६६ मध्ये नायलँडर नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या दगडफुलांबद्दल लिहिलं, की दगडफूल हवेच्या शुद्धतेचं माप म्हणून वापरता येईल. दगडफूल म्हणजे पान नव्हे, पण विचार तोच.

पानांची खरी गोष्ट लॉस एंजेलिसची. १९४० च्या दशकात तिथल्या आसपासच्या शेतांतल्या पालेभाज्यांची पानं खालच्या बाजूने चंदेरी, तांबूस, चकचकीत व्हायला लागली, कुठलाही माहीत असलेला रोग त्याला जुळत नव्हता. तेव्हा लोकांना वाटायचं शहरातलं धुरकं म्हणजे कारखान्यांचा साधा धूर. मग हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की गाड्या आणि तेलशुद्धीकरणातून निघणारे वायू उन्हात एकमेकांशी रिअ‍ॅक्ट होऊन ओझोन आणि तसलेच जहाल वायू बनतात, आणि तसे वायू तयार करून झाडांवर सोडले तर तेच डाग पडतात, म्हणजे धुरक्याचं कोडं सोडवताना पानंच साक्षीदार होती. हा प्रसंग मी दरवेळी सांगतो, कारण माणसाला कळण्याआधी पानांवर उमटलं होतं.

पुढे १९५९ मध्ये तंबाखूच्या पानांवरचे डागही ओझोनमुळे पडतात हे छापून आलं, आणि अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलला निवडलेली "बेल-डब्ल्यू ३" ही तंबाखूची जात जगभर ओझोन ओळखायला वापरली गेली. साधारण ४० पीपीबीच्या (हवेच्या अब्ज भागांत ४० भाग) वर ओझोन काही तास राहिला की तिच्या पानावर ठिपके यायला लागतात. तिच्याशेजारी "बेल-बी" ही सोशिक जात लावतात, डब्ल्यू वर डाग आणि बी स्वच्छ असेल तर ओझोनवर संशय घट्ट होतो.

कुठल्या डागावरून कुठला वायू ओळखायचा?

इथे जरा वेळ घेतो कारण डागामागचं कारण कळलं की पाठ करायला लागत नाही.

ओझोन पर्णरंध्रातून आत जातो आणि पानाच्या वरच्या सालीखाली उभ्या रचलेल्या पेशी मारतो, म्हणून डाग वरच्या बाजूला दिसतात, टाचणीने टोचल्यासारखे बारीक, जांभळट, तपकिरी किंवा पांढुरके, शिरांच्या मधल्या जागेत, शीर ओलांडत नाहीत. जुन्या पानांवर जास्त, कोवळ्यांवर कमी. आणि एक झकास खूण, एका पानावर दुसऱ्या पानाची सावली पडत असेल तर तेवढा सावलीतला भाग बहुतेक वेळा कोरा राहतो. ही खूण दिसली की मला खात्री वाटायला लागते.

लॉस एंजेलिसच्या पानांवर जे दिसलं ते पॅन नावाच्या, ओझोनसारखाच धुरक्यात तयार होणाऱ्या वायूचं काम, तो खालच्या सालीजवळच्या सैल पेशी मारतो, तिथे हवा शिरते आणि पान खालून चंदेरी दिसतं. तो कोवळ्या पानांना जास्त पकडतो.

सल्फर डायऑक्साइडने शिरांच्या मधला भाग दोन्ही बाजूंनी पांढरट किंवा बदामी होऊन वाळतो, शिरा मात्र हिरव्या, लांबून बघितलं तर माशाच्या काट्यासारखं. कोळसा किंवा गंधक असलेलं इंधन जळतं तिथे हे बघायचं.

फ्लोराइड वेगळं वागतं, ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर पानाच्या टोकाकडे आणि कडेला जाऊन तिथेच साचतं, म्हणून टोक आणि कडा करपते आणि करपलेल्या आणि हिरव्या भागाच्या मध्ये ठळक गडद रेघ असते. अ‍ॅल्युमिनियमचे कारखाने, वीटभट्ट्या, फॉस्फेट खतांचे कारखाने हे याचे उगम. ग्लॅडिओलस याला फार नाजूक, म्हणून मुद्दाम लावतात.

आणि आता महत्त्वाचं, शहरात आज ज्याची सगळ्यात जास्त काळजी आहे, म्हणजे बारीक धूलिकण आणि नायट्रोजन डायऑक्साइड, त्यांची अशी ठळक खूण पानावर पडतच नाही. नायट्रोजन डायऑक्साइड रस्त्यावर असतो तेवढ्या प्रमाणात डाग पाडत नाही, आणि धूलिकण डाग न पाडता नुसते साचतात. त्यामुळे "पानं हिरवी आहेत म्हणजे हवा चांगली" हा निष्कर्ष चुकीचा, आणि लोक तो सर्रास काढतात.

डाग दिसला म्हणजे प्रदूषणच ना?

नाही नाही. माझ्याकडे आलेल्या फोटोंपैकी बऱ्याच फोटोंत प्रदूषण नसतंच. लाल कोळी ही बारीक कीड लागली की ओझोनसारखेच बारीक ठिपके येतात, मग पान पांढऱ्या कागदावर झटका, ठिपके चालायला लागले तर उत्तर मिळालं. मॅग्नेशियम कमी पडलं तरी जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा होतो. खारं पाणी, जास्त खत, पाण्याचा ताण, यानेही टोकं आणि कडा करपतात, अगदी फ्लोराइडसारख्या.

मी स्वतः फसलोय. एका वर्दळीच्या चौकातल्या झाडाची पानं काळीकुट्ट होती, मी काजळी समजून महिनाभर फोटो काढले, नोंदी केल्या, आणि नंतर भिंगाखाली बघितलं तर ती काळी बुरशी होती. झाडाला मावा लागलेला, मावा गोड चिकटा सोडतो, त्या चिकट्यावर ही बुरशी वाढते. ती सगळी नोंद टाकून द्यावी लागली. तेव्हापासून मी काळं पान दिसलं की आधी बोट फिरवून बघतो, चिकट लागलं तर वर किंवा खालच्या बाजूला मावा शोधतो. आणि चिकट पानावर धूळही जास्त बसते, त्यामुळे मावा लागलेलं झाड मोजणीतून सरळ वगळतो.

एक साधा नियम, एकाच जागी वेगवेगळ्या जातीच्या दोन-तीन झाडांवर एकाच सुमारास सारखी खूण दिसली तर हवेवर संशय घ्या, एकाच झाडावर दिसली तर आधी कीड, माती आणि पाणी बघा.

रस्त्याजवळच्या झाडावर ओझोनचे डाग जास्त असतील ना?

सगळ्यांना असंच वाटतं आणि बहुतेक वेळा उलटं असतं. गाडीच्या धुरातून ताजा नायट्रिक ऑक्साइड निघतो आणि तो आजूबाजूचा ओझोन खाऊन टाकतो, म्हणून भर ट्रॅफिकमध्ये ओझोन कमी आणि शहराच्या कडेला, बागेत, वाऱ्याच्या दिशेला पुढच्या मोकळ्या भागात जास्त. म्हणून चौकातल्या पानावर काजळी आणि धातू सापडतात, पण ओझोनचे ठिपके कडेच्या हिरव्या भागात सापडतात. बागेतल्या घेवड्याच्या पानावर ठिपके दिसले म्हणून "पण इथे तर गाड्याच नाहीत" असं म्हणून ते सोडून देऊ नका.

पानावर धूळ अडकते कशी? पाऊस धुऊन नाही का टाकत?

पान नुसतं सपाट नसतं. त्यावर लव असते, खाचा असतात, शिरांचे उंचवटे असतात, आणि वरून मेणाचा थर. खरखरीत, केसाळ पानांवर धूळ जास्त टिकते, गुळगुळीत ताठ पानावरून घसरते. पाऊस मोठे कण बऱ्यापैकी धुतो पण मेणात रुतलेले बारीक कण तसेच राहतात, म्हणून लॅबमध्ये पानं दोनदा धुतात, आधी पाण्याने आणि मग मेण विरघळवायला क्लोरोफॉर्मने, आणि दोन्ही द्रव वेगवेगळ्या गाळणीतून गाळतात म्हणजे १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचे, २.५ ते १० मधले आणि त्याहून बारीक असे कण वेगळे होतात. क्लोरोफॉर्म घरी वापरू नका, ते विषारी आहे, घरी फक्त पाण्याचा भाग करायचा.

कुठल्या झाडाची पानं घ्यावीत?

सगळ्या जागी सापडेल ते एकच झाड. ही अट बाकी सगळ्याच्या वर. एका जागी पिंपळ आणि दुसऱ्या जागी कण्हेर घेतलीत तर तुम्ही हवेची नाही, पानांच्या बनावटीची तुलना करताय. कण्हेरीची पर्णरंध्रं पानाच्या खालच्या बाजूला लव असलेल्या खळग्यांत लपलेली असतात, पिंपळाचं पान मोठं आणि गुळगुळीत, दोघांचं गणितच वेगळं. सदाहरित झाड असेल तर वर्षभर मोजता येतं, सूचीपर्णी झाडांच्या सुया तर काही वर्षं टिकतात म्हणून त्यांत जुनी नोंदही सापडते. पानगळीच्या झाडाला एक फायदा आहे, सगळी पानं साधारण एकाच वेळी फुटतात त्यामुळे वय आपोआप सारखं.

ज्यांना नीट करायचंय त्यांनी कुंड्या लावाव्यात, सारखी माती, सारखी कुंडी, एकाच रोपाच्या कलमा, वातीने पाणी, आणि सगळ्या कुंड्या वेगवेगळ्या जागी ठराविक आठवडे ठेवायच्या. युरोपात साधारण २००० च्या सुमारास बारा शहरांमध्ये अशी एकत्र मोहीम झाली होती, ओझोनसाठी तंबाखू, धातू आणि गंधकासाठी राईगवत नावाचं चाऱ्याचं गवत, आणि धुरातल्या तेलकट विषारी द्रव्यांसाठी "केल" ही कोबीच्या जातीतली कुरळ्या पानांची भाजी. ओझोनसाठी तंबाखू नको असेल तर घेवड्याची जोडी आहे, "एस १५६" नाजूक आणि "आर ३३१" सोशिक.

घरच्या घरी धूळ मोजायची पद्धत सांगा ना.

सांगतो. सलग सात-आठ दिवस पाऊस नसेल असा काळ निवडा. प्रत्येक जागी एकाच जातीची चार-पाच झाडं, जमिनीपासून दीड ते दोन मीटर उंचीवरची बाहेरच्या फांद्यांची पानं, शेंड्यापासून तिसरं किंवा चौथं पान म्हणजे वय जवळपास सारखं येतं. देठाला धरून कापायचं, पानाला बोट लावायचं नाही. सगळ्या जागांची पानं एकाच दिवशी, आणि एक जागा मुद्दाम स्वच्छ वाटणारी घ्या, ती नसेल तर बाकीच्या आकड्यांना अर्थ राहत नाही.

घरी आल्यावर डिस्टिल्ड पाण्यात मऊ ब्रशने दोन्ही बाजू धुवा, ते पाणी आधीच वाळवून वजन केलेल्या गाळणी-कागदातून गाळा, कागद वाळवा, परत वजन करा, फरक म्हणजे धूळ. पानं आलेख कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा आणि चौकोन मोजून क्षेत्रफळ काढा, धुळीचं वजन भागिले क्षेत्रफळ. क्षेत्रफळाने भागायचं विसरू नका, नाहीतर मोठ्या पानाची जागा उगाच बदनाम होते. वजनकाटा मात्र मिलिग्रॅम दाखवणारा हवा, स्वयंपाकघरातला काटा यात काही कामाचा नाही, शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत विचारून बघा.

काटा मिळालाच नाही तर पारदर्शक चिकटपट्टी पानाच्या वरच्या बाजूला दाबून उचला आणि पांढऱ्या कागदावर चिकटवा, तारीख आणि जागा लिहा. काही महिन्यांनी हे कागद ओळीने ठेवले की फरक डोळ्याला दिसतो. लहान मुलांबरोबर करायला ही पद्धत सगळ्यात छान.

ती धूळ गाड्यांची का नुसती माती, कसं कळणार?

नुसत्या वजनावरून नाही कळत. बांधकाम किंवा कच्चा रस्ता शेजारी असेल तर वजन भरपूर येईल पण ती बहुतेक माती असेल. इथे लोहचुंबकत्वाची पद्धत कामाला येते आणि मला ती फार आवडते. गाडीचे ब्रेक घासतात, इंजिनात जळणं होतं, त्यातून लोखंडाचे चुंबकीय बारीक कण उडतात आणि पानावर बसतात, लॅबमध्ये पान वाळवून त्याला चुंबकीय क्षेत्र देतात आणि नंतर त्यात किती चुंबकत्व उरलं ते मोजतात, पान फोडायलाही लागत नाही. बेल्जियममधल्या अँटवर्पमध्ये २०१४ ला विद्यापीठाने लोकांना स्ट्रॉबेरीची रोपं दिली होती, लोकांनी ती खिडकीत ठेवली आणि मग पानं परत पाठवली, त्यावरून रस्त्यारस्त्याचा नकाशा निघाला. शहराची हवा मोजायची याहून सुंदर पद्धत मला माहीत नाही.

घरी करायचं तर धुतलेला गाळ वाळवून त्यावरून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं जोरकस चुंबक फिरवा. काळे कण चिकटले तर लोखंड आहे एवढं कळतं, पण काळ्या खडकाच्या मातीतही मॅग्नेटाइट हे लोखंडाचं चुंबकीय खनिज असतं म्हणून स्वच्छ जागेच्या गाळाशी तुलना केल्याशिवाय काही ठरवू नका. लॅब उपलब्ध असेल तर तांबं, अँटिमनी, बेरियम दिसलं की ब्रेक, जस्त जास्त असेल तर टायर, असा अंदाज बांधतात.

एपीटीआय म्हणजे काय? तो वापरू का?

झाड प्रदूषण किती सोसतं याचा हा निर्देशांक. पानातलं एस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) गुणिले (एकूण हरितद्रव्य अधिक पानाच्या रसाचा पीएच), त्यात सापेक्ष जलांश टक्के (पान पूर्ण भिजल्यावर मावतं त्याच्या तुलनेत आत्ता किती पाणी आहे) मिळवायचा आणि सगळ्याला १० ने भागायचं. समजा आम्ल ५, हरितद्रव्य २, पीएच ६ आणि जलांश ८०, तर ५ गुणिले ८ म्हणजे ४०, अधिक ८०, भागिले १०, उत्तर १२. आकडा जास्त तर झाड सोशिक, कमी तर नाजूक.

कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये हा खूप वापरतात. माझं मत विचाराल तर दोन गोष्टी खटकतात. एक, हा झाडाबद्दल सांगतो, हवेबद्दल नाही, आणि अहवालांमध्ये मात्र "इथला एपीटीआय इतका म्हणून प्रदूषण इतकं" असं लिहिलेलं असतं. दुसरी, वरच्याच उदाहरणात बघा, १२ पैकी ८ एकट्या पाण्यातून आले, म्हणजे आदल्या दिवशी झाडाला पाणी घातलं की नाही यावर आकडा हलतो. कुठली झाडं लावायची ते ठरवायला वापरा, हवा मोजायला नको.

मग जास्त धूळ पकडणारी झाडं लावली की हवा साफ होईल?

थोडीशी. झाडं लावाच, सावलीसाठी, गारव्यासाठी, पाखरांसाठी, पण पानाने पकडलेली धूळ शहरात रोज निघणाऱ्या धुरापुढे फार कमी असते. अरुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती असतील तर वरून दाट छत झालेली झाडं उलट धूर खाली कोंडून ठेवतात, तिथे रस्ता आणि फुटपाथच्या मध्ये दाट कुंपण जास्त उपयोगी. घरातल्या कुंड्यांचं तर विचारूच नका, २०१९ मध्ये जुन्या प्रयोगांचा हिशोब परत मांडला गेला तेव्हा खिडकी उघडल्याइतका परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं.

पानं गोळा करताना काही धोका?

आहे. कण्हेर आणि रुईचा चीक विषारी, डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, हातमोजे घाला आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा. वाळलेली धूळ हाताळताना मास्क लावा. दुभाजकावरच्या झाडांसाठी भर वाहतुकीत जाऊ नका, पहाटे जा आणि सोबत कुणीतरी न्या.

रस्त्याकडेला लावलेल्या पालेभाज्या खाव्यात का?

मोठ्या रस्त्याला लागून असतील तर मी खात नाही. युरोपातल्या मोहिमेत केल वापरली ती याचसाठी की तिच्या मेणचट पानात धुरातली द्रव्यं मस्त अडकतात, म्हणजे तोच गुण ताटात नको. वाहत्या पाण्यात चोळून धुतलं की वरची धूळ जाते, मेणातलं सगळं जात नाही. शेंगा, कंद, सोलून खायची फळं त्या मानाने बरी, पण जुन्या रस्त्याकडेच्या मातीत शिसं असू शकतं म्हणून कंद लावण्याआधी माती तपासून घ्या.

पान गळल्यावर त्यातलं प्रदूषण कुठे जातं?

मातीत. पान कुजतं तसे धातू तिथेच उरतात, वायू मात्र पानाने आत घेऊन बदललेले असतात. म्हणून खूप वर्दळीच्या रस्त्याचा पालापाचोळा मी भाजीच्या वाफ्यात घालत नाही, शोभेच्या झाडांना घालतो. आणि तो जाळायचा तर अजिबातच नाही, झाडाने महिनोन्महिने पकडून ठेवलेलं सगळं एका सकाळी परत हवेत जातं आणि वर पानांचा स्वतःचा धूर.